ते पांढरं बर्फ न्हाई

बंद करू नका, ताई. जरा मागं घ्या, तिथंच थांबवा — ती बाई चालायला लागली हाय ना, तिथं. मला चष्मा पुसू द्या जरा. न्हाई, झालं काही न्हाई, मोबाइलकडं लई वेळ बघितलं की पाणी येतं डोळ्याला, डॉक्टरनं ड्रॉप दिलेत. तुमी पोहे घ्या. आमचा पुतण्या हाय सुरज, त्यानंच पयल्यांदा दाखवला होता मला हा चित्रांचा सिनेमा, पण त्याच्या फोनवर निम्म्यातच अडकला, नुस्तं गोल गोल फिरत राहिलं, आन् तेवढ्यावरच त्यानं सगळ्या तेलगावात करून टाकलं की काकाच्या गोष्टीवर सिनेमा निघाला म्हणून. घर रोज थोडं थोडं लहान होत जातं आन् आत एक बाई असते — एवढं बघितलं की इथलं कुणीबी म्हणंल, ही तर मोहनराव सरांची गोष्ट. मीबी म्हणलं, हो, माझीच. आता तुमी पुण्याहून एवढ्या लांब आलात, शेवटापर्यंत दाखवलंत, तर — तर काही न्हाई. चांगला हाय. चित्रं चांगली काढलीत पोरीनं.

हां, तुमच्या कामाचं बोलू. तुमच्या त्या सिनेमांच्या संग्रहालयात प्रत्येक सिनेमाचं मूळ नोंदवायचं असतं, आन् ह्या एकाचंच मूळ लागंना — पडद्यावर नुस्तं 'बीड जिल्ह्यातली एक ऐकलेली गोष्ट' एवढंच लिहिलेलं, कुणी म्हणतं लोककथा असंल, कुणी म्हणतं कुठं तरी छापून आलेली, आन् हुडकता हुडकता तुमाला माझ्या दिवाळी अंकाचा पत्ता लागला. बरोबर ना? तर हा तो अंक. एकोणीसशे नव्वद. ते साप्ताहिक कवाच बंद पडलं, संपादक वारले, ही एकच प्रत राहिलीय, प्लास्टिकमधी घालून ठेवलीय मी. पान बेचाळीस. कथा 'घर', आन् खाली नाव माझं. लोककथा बिककथा काही न्हाई, आमच्याकडं असली गोष्ट कुणी सांगत न्हाई. ह्या एका गोष्टीवर माझं आयुष्य गेलं, ताई — चांगल्या अर्थानं म्हणतो. त्या वर्षी बक्षीस मिळालं, सत्कार झाला, मग वाचनालयाचा अध्यक्ष केलं लोकांनी, आजबी मीच हाय. चौतीस वर्षं झाली, कुणी लेखक सर म्हटल्याशिवाय हाक मारत न्हाई. दुसरी कधी लिहिता, असं इचारत होते पयले दहा-पंधरा वर्षं. मग तेबी बंद झालं. आन् आज पाच वाजता पुन्हा सत्कार हाय, तुमी येताना फाट्यावर बॅनर बघितलंच असंल, विजयसिंहनं लावलंय, आमचे इथले पुढारी, माझाच विद्यार्थी — एकीकडं माझा फोटो, दुसरीकडं ही बाई. त्यानं तालुक्यातली चार माणसं बोलावलीत, फेटे आणलेत. तुमी बरोबर आजच आलात.

काय? ते पांढरं? वरून पडत राहतं आन् घरात भरत जातं, ते? कुणी लिहिलंय बर्फ म्हणून — पेपरात? बर्फ कशाला असंल, ताई. हैदराबादची पोरगी, ती कशाला बर्फ काढंल. ते पांढरं बर्फ न्हाई. कापूस हाय तो. बघा, चिकटतोय तिच्या केसाला, झटकला तरी जात न्हाई, बर्फ असा चिकटंल का? आन् ते बारके काळे ठिपके दिसतेत, ती सरकी. माझ्या गोष्टीत? — न्हाई. माझ्या गोष्टीत कापूस न्हाई. बेचाळीस ते शेहेचाळीस, पाचीच्या पाच पानं चाळा, घर नुस्तं आपोआप लहान होतं, कशानं ते लिहिलं न्हाई. मग मला कसं कळलं? कळलं आपलं. कापसाच्या मुलखात जन्म गेला माझा, मला कापूस कळणार न्हाई का.

शेवटबी वेगळा हाय, खरंय. तुमी दोन्ही बघितलंत म्हणून तुमच्या ध्यानात आलं. माझ्यात बाईला चूक कळते, ती घराची माफी मागते आन् घर पुन्हा मोठं होतं. तसा शेवट आवडला होता लोकांना. आन् ह्यात घर इतकं लहान होतं की छपरातून तिचं डोकं बाहेर निघतं, खिडक्यांतून हात निघतेत, आन् मग ती उभी राहते, घर तसंच डोक्यावर टोपल्यावाणी, आन् बाजाराच्या वाटेनं चालायला लागते. — राजनंदिनी ना त्या पोरीचं नाव? तिनं बदलला असंल शेवट. सिनेमावाले बदलतेत. हो ना? न्हाई म्हणली? काय म्हणली मग, पुन्हा सांगा बरं. लहानपणी केस विंचरताना आई सांगायची ही गोष्ट. रोज तीच. अक्षर न् अक्षर तीच. आन् आई कुठली, ते — ते आई सांगत न्हाई. बीड जिल्हा, एवढंच.

भेटलात तुमी त्या आईला?

थांबा. सांगू नका अजून. आधी ती वही मिटा, आन् ते रेकॉर्डिंग चालू असंल तर बंद करा. न्हाई, मी बोलणार हाय, पण ते तुमच्या संग्रहालयासाठी न्हाई. हळू बोलू, कडू आत हाय — माझी बायको, कडूबाई, तुमाला पोहे दिले ती.

शिवकन्या माझी बहीण. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तिला आमीच वाढवलं — म्हणजे कडूनं वाढवलं, ही लग्न होऊन आली तवा शिवकन्या नऊ-दहा वर्षांची होती. हुशार लई. अंबाजोगाईला मावशीकडं ठेवून कॉलेजात घातली ती मीच, आबांशी भांडून. आबा म्हणजे आमचे वडील. एवढं एक मी केलतं. बीएच्या दुसऱ्या वर्षाला आबांनी तिचं लग्न लावून दिलं, तलवाड्याला, मोठी जमीन, मोठं खटलं. आठ महिन्यांत परत आली. एस.टी.नं एकटी आली, डावा हात गळ्यात बांधलेला. नवऱ्यानं पिरगाळला होता. कावून, तर पुस्तक वाचत बसली होती, त्याची हाक ऐकू आली न्हाई. तिनं सगळं सांगितलं, मी ऐकलं, कडूनं ऐकलं. आबा म्हणले, हात बरा होतो. मग दोन्हीकडच्या मोठ्यांचं बोलणं झालं — औंदाचा कापूस इकून झाला की तलवाड्याची माणसं येतील, तवर पोरगी माहेरी राहू द्या. ती म्हणली, मी जाणार न्हाई, मी अंबाजोगाईला जाते, परीक्षा देते. आन् एका सकाळी उठून फाट्यापर्यंत गेलतीबी. आबांनी हाताला धरून माघारी आणली. त्या दिवसापासून कुलूप. गावात सांगितलं, मावशीकडं हाय.

कुठं म्हणजे — तेच तर सांगायलो. आमच्या जुन्या घराला मागं एक खोली होती, गोठ्याच्या बाजूला एक खिडकी, गजाची. कापसाची खोली म्हणायचे तिला. शिवकन्याला आत ठेवली तवा रिकामी होती, खोली तशी मोठी, बाज मावायची, चार पावलं फिरता यायचं. दसरा झाला आन् वेचणी सुरू झाली. मी म्हणलं आबाला, कापूस दुसरीकडं टाकू, ओसरीत टाकू. आबा म्हणले, ओसरीत टाकला तर लोक इचारतील, खोलीत काय हाय. मग रोज संध्याकाळी आबा आन् मी, दोघं मिळून, गठुडी आत नेऊन सोडायचो. आज एक कोपरा गेला. आठ दिवसांनी भिंत गेली. मग खिडकी निम्मी झाकली. दिवाळीला बाज बाहेर काढावी लागली, पाय ठेवायला जागा न्हवती, ती कापसावरच झोपायची. थंडीत कापसाची ऊब असते, असं मी मनाला सांगायचो. खोकायची लई. तोंडावर, भुवयांवर, केसात सगळं पांढरं. ती एकदा म्हणली, दादा, मी म्हातारी झाले बघ. एकवीस वर्षांची होती.

किल्ली माझ्याकडं. आबांचा दुसऱ्या कुणावर भरवसा न्हवता. कडू तिला दिवस उगवायच्या आधी आन् दिवस मावळल्यावर मागं रानात घेऊन जायची, तवा कुलूप काढायचो मी, लावायचो मी. शाळा सुटली की घरी आल्यावर दाराबाहेर एक तेलाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसायचो. करमणूक म्हणा तिची. तिनं कागद मागितला. शाळेत उत्तरपत्रिकांच्या पुरवण्या उरायच्या, त्या आणून दाराखालच्या फटीतून सरकवल्या, एक पेन दिला. ती दिवसभर लिहायची आन् संध्याकाळी आतून वाचायची, मी बाहेर बसून ऐकायचो. चौदा पुरवण्या भरल्या तिनं. आन् मी काय करायचो माहिताय? ती लिहिलेलं पान बाहेर सरकवायची, मी खिशातला लाल पेन काढून शुद्धलेखन तपासायचो. ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व. तपासून पुन्हा आत सरकवायचो. मराठीचा मास्तर ना मी. दुरुस्त करून ती पुन्हा लिहायची, बिचारी, मन लावून.

ही गोष्ट शेवटची. त्याच्या आदल्या दिवशी तिनं दार बडवलं होतं, लई ओरडली होती, तवा आबा अंगणातून म्हणले होते, पोरी, घर डोक्यावर घेऊ नको. त्यावरनंच सुचली तिला. दोन संध्याकाळी वाचून दाखवली. घर कापसानं भरत जातं इथपासून बाई घर डोक्यावर घेऊन निघून जाते इथपर्यंत. मी रडलो बाहेर, ताई, खोटं सांगत न्हाई, उपरणं तोंडाला लावून रडलो. आतून आवाज आला, "दादा, आवडली?" म्हणलं, "लई आवडली." म्हणली, "मग उघड ना."

किल्ली खिशात होती माझ्या. आबा गावात गेलते. कुणी न्हवतं.

मी म्हणलं, "आबा येतील आता."

  त्यानंतर तिनं मला काहीच वाचून दाखवलं न्हाई.

संक्रांत झाली आन् व्यापाऱ्याचा टेम्पो आला कापूस न्यायला. खोली रिकामी करायची तर दार उघडावंच लागणार, म्हणून त्या दिवशी शिवकन्याला सैपाकघरात बसवलं, कडूच्या नजरंखाली. आबा वजनाच्या काट्यापाशी, माणसं पाठीवर गठुडी घेऊन आत-बाहेर करायलेली, मी शाळेत. मी आलो तवा खोली स्वच्छ झाडलेली, इतकी मोठी दिसली मला ती खोली, आन् शिवकन्या न्हवती. कडू म्हणली, मी पाण्याला गेलते, माघारी आले तर न्हाई. आबांनी हात उगारला तिच्यावर, तरी तेच. मी गेलते पाण्याला. आबा फाट्यावर गेले, माजलगावला गेले, अंबाजोगाईला मावशीकडं गेले. न्हाई सापडली. मी कुठं गेलो न्हाई. मी उंबऱ्यावर बसलो होतो, आन् माझं ध्यान गेलं की कडूच्या चपला जाग्यावर न्हाईत. एकच जोड होता तिचा, सणाला घालायचा. तिच्या पायात न्हाई, दारात न्हाई, कुठंच न्हाई. मी इचारलं न्हाई. ती आठ दिवस अनवाणी फिरली, पायाला भेगा, काटा मोडला एकदा, तरी बोलली न्हाई. पुढच्या बाजारी मी नवा जोड आणला आन् दारात ठेवला. तिनं पायात घातला. आजतागायत आमी दोघं त्यावर एक शब्द बोललो न्हाई. पस्तीस वर्षं, ताई. एका ताटातलं खाल्लं, पोरांची लग्नं केली, आबांचं सगळं केलं, पण ते चपलांचं न्हाई.

मग काय, आबांनी सांगून टाकलं, मावशीकडं कावीळ झाली, गेली. मावशीला गप केलं. नदीवर दहावा घातला. डोईचे केस मी काढले. जिवंत बहिणीचा दहावा घालून आलो आन् दुसऱ्या दिवशी वर्गावर गेलो. तलवाड्याची माणसंबी सुटलो म्हणली, नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. कुणी इचारायला आलं न्हाई. माणूस गेल्यावर इचारायला कोण येतंय.

पुरवण्या? त्या तिनं तशाच ठेवल्या होत्या, चौदाच्या चौदा, खोलीच्या भिंतीतल्या दिवळीत, मलाच मिळाल्या. दीड वर्षानं ते संपादक घरी आले, म्हणले, सर, आपल्या भागातलं काही द्या दिवाळीला. मी म्हणलं, देतो. बसलो लिहायला माझ्या मनानं, तीन दिवस बसलो, काही येईना. मग ती काढली. माझ्या अक्षरात उतरवून काढली. कापूस काढून टाकला, न्हाई तर गावातलं शेंबडं पोरगंबी वळखलं असतं की कुठली खोली. शेवट बदलला. आबा हयात होते ना. मनात होतं — आपण आपलं छापू, तिच्या जिवाचं काही तरी राहील. हे खरंबी असंल. खोटंबी असंल. मला आता फरक करता येत न्हाई. अंक आला त्या दिवशी घरात फराळाची गडबड, आबांनी चार माणसांत वाचून दाखवायला लावलं, सगळे वा वा म्हणले. माणसं गेल्यावर कडू भांडी गोळा करत होती, वर न बघता म्हणली, "शेवट असा न्हवता." एवढंच. तिनंबी ऐकली होती की, सैपाकघराची भिंत लागूनच होती खोलीला.

ती पुरवण्यांची थप्पी मी चुलीत घातली त्याच आठवड्यात. — हो. मी. असं बघू नका. लाल पेनाच्या खुणा होत्या त्यावर सगळ्या, माझ्या.

आता तुमी म्हणाल, सर, मग सिनेमात कापूस आला, खरा शेवट आला, म्हणजे कुणी तरी त्या पुरवण्या वाचल्या. मीबी घडीभर तेच म्हणलं. पण मागं घ्या बरं तो सिनेमा. थोडं मागं. हां. हा माणूस बघा. घराबाहेर बसलाय, कशावर बसलाय — डब्यावर. तोंड न्हाई काढलं त्याला, डोक्याच्या जागी नुस्तं गोल. आन् खिशाला तीन पेन. एक निळा, एक काळा, एक लाल. हा माणूस पुरवणीत न्हवता, ताई. तिनं मला वाचून दाखवली त्या गोष्टीत दाराबाहेर कुणीच न्हवतं. हा नंतर आलाय. इथून गेल्यावर तिनं घातलाय त्याला, पोरीचे केस विंचरता विंचरता. आन् पुढं न्या आता, अगदी शेवटाला — ती घर घेऊन गेली, वाटंच्या वळणावर दिसंनाशी झाली, मोकळी जमीन राहिली, आन् हा तिथंच बसून हाय. दार न्हाई, भिंत न्हाई, आन् हातात किल्ली. मघाशी तुमच्यासमोर पयल्यांदा बघितलं मी हे. सुरजच्या फोनवर इथपर्यंत आलंच न्हवतं.

सांगा आता. कशी हाय ती? — केस पिकलेत. चष्मा हाय. डावा हात? — कोपरात सरळ होत न्हाई. बरं. बरं. काय करत होती? शाळेत? मराठी शिकवत होती, हैदराबादेत? आता निवृत्त झाली. पोरं कमी असतील मराठीला तिथं. तिचे तिथले मालक? — वारले. चांगले होते म्हणली. बरं झालं. नाव दुसरं सांगते? सांगू द्या, नावाचं काय. चहा कसा करते? — काही न्हाई, असंच इचारलं. इथं असताना तिला चहा जमायचा न्हाई.

माझं काही इचारलं तिनं? … तुमी तिला हा अंक दाखवला, माझं नाव दाखवलं, तवा काय म्हणली? आहे तसं सांगा, मला बरं वाटावं म्हणून न्हाई.

"त्यांनाच विचारा. ते माझी म्हणले, तर त्यांची लिहा." एवढंच? रागानं म्हणली का? — साधं म्हणली. आन् चहाचे कप उचलून आत गेली.

म्हणजे माझ्यावर सोडलं तिनं. तिच्या नावानं लिहू नका असंबी न्हाई, लिहा असंबी न्हाई. आन् तुमचा हा कागद. वाचून दाखवा पुन्हा. 'सदर कथेचा मूळ लेखक मी आहे — मी नाही — निश्चित सांगता येत नाही', तिघांतल्या एकावर खूण, खाली सही, साक्षीदार. सोपं हाय. शाळेत पोरांना असेच प्रश्न काढायचो मी. आता 'मी आहे' म्हणलं तर ते तुमच्याकडं कायमचं नोंदवलं जाणार, आन् ती ते वाचणार, वाचंल न्हाई तर पोरगी सांगंल. आन् 'मी न्हाई' म्हणलं तर — घड्याळ बघा, साडेतीन वाजले. दीड तासानं विजयसिंह शाल घालणार मला. गावातली लेकरं आणलीत बसवून. मग काय सांगू, कुणाची हाय? बहिणीची. कुठली बहीण, दहावा घातलेली? मग ती कशी वारली, कुठं वारली, कोण होतं संगं, सगळं निघंल. आबांचं नाव, माझं नाव. पोरांच्या सासुरवाड्या. कुठं जाऊ मी? एकोणसत्तर वय झालं, दुसरं गाव न्हाई, दुसरी गोष्ट न्हाई. तुमाला वाटतंय, सर खरं बोलले, आता सही करतील. खरं बोलणं येगळं हो. बंद खोलीत मलाबी येतं.

तिसऱ्यावर करतो मी खूण. निश्चित सांगता येत न्हाई. त्यात कुणाचं नुकसान न्हाई. तिचंबी न्हाई, माझंबी न्हाई. तुमच्या नोंदीत तसंबी मूळ अनिश्चित म्हणूनच होतं ना, तसंच राहील. पेन द्या. माझा न्हाई, तुमचा द्या.

— कडू? तू कवापासून उभीयस इथं?

काही न्हाई, त्यांच्या कामाचं चाललंय. तू आत जा. फेटेवाला आला का बघ. … ताई, तिला फोन कावून दाखवायलात, नका दाखवू, तिला कळायचं न्हाई ते. — दाखवा मग. दाखवा. बसू दे तिला.

बघितलंत? माणसाकडं बघितलंबी न्हाई तिनं, त्या डब्यावरच्या. पायाकडं बघायली. मी मघाशी बघितलंच न्हवतं — घर घेऊन चालली त्या बाईच्या पायात चपला हाईत. लाल पट्ट्याच्या. कडू, त्या लाल पट्ट्याच्याच होत्या का गं? मला आठवत न्हवतं.

काय इचारायली ती तुमाला? — "नीट पोचली का?" हो म्हणा, ताई. हो म्हणा की तिला. पस्तीस वर्षं थांबलीय ती ह्या उत्तरासाठी, मी देऊ शकलो न्हाई.

कडू, कागद ठेव खाली. तो माझ्या सहीचा कागद हाय. तुला सगळं वाचता येतंय, माहीत हाय मला, तरी ठेव. अगं, साक्षीदाराची जागा हाय ती, तिथं नुस्तं नाव लिहायचं असतं, एवढं काय लिहायलीस? … ताई, तुमी तरी सांगा. — बघू. 'गोष्ट शिवकन्याची. दाराच्या आतून ऐकवली. मी ऐकली.' आन् खाली नाव. माझ्या खुणेच्या जागेवर काट मारलीय. शुद्धलेखन — न्हाई, शुद्ध हाय. एकबी चूक न्हाई.

बरं.

आता हे न्या तुमी. मी सही करत न्हाई, पण मी फाडतबी न्हाई, हात पाठीमागं घेतलेत बघा. न्या. पिशवीत घाला, दिसू देऊ नका बाहेर. नोंद कवा होईल? — महिना-दोन महिने. मग इथं कळायला आणखी वर्ष जाईल, कळलंच तर. तवर मी लेखक सरच. आज शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, चार शब्द बोलायचे, लेकरं टाळ्या वाजवतील. आन् कडू पयल्या रांगेत बसंल, तिला बोलावलंय, दोघांचा सत्कार हाय. येणार हायस ना, कडू? … न्हाई येणार म्हणते.

हॉर्न वाजला. विजयसिंहची गाडी. ताई, तुमी निघा आधी, गोठ्याकडच्या दारानं, फाटा तिकडूनबी जवळ हाय. एका गाडीत गेलो तर लोक इचारतील ह्या कोण, आन् मला सांगावं लागंल. पोह्याची प्लेट राहू द्या. निघा. — आलो रे, आलो, फेटा बांधायचा राहिलाय अजून.